सहा नंबरची गाडी आणि पुढे कललेलं चाक

फोटोत एक रेसची मोटार डावीकडून उजवीकडे सुसाट चालली आहे. तिचं तोंड चौकटीबाहेर निघून गेलंय. आत ड्रायव्हर आणि त्याचा मेकॅनिक, दोघंही पुढे झुकलेले. मागचं चाक गोल नाही, लंबगोल झालंय आणि उजवीकडे कललंय. त्याच वेळी रस्त्याकडेची माणसं आणि खांब नेमके उलट्या बाजूला, डावीकडे झुकलेत. गाडीच्या मागच्या भागावर ठळक आकडा आहे: ६.

झाक-आंरी लार्तीग या फ्रेंच तरुणाने काढलेला हा फोटो मोटारींच्या सुरुवातीच्या काळातल्या फोटोंपैकी बहुधा सगळ्यात प्रसिद्ध. वेग म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे तोच येतो. इतकी वर्षं इतक्या लोकांनी पाहूनही त्याखाली कित्येक दशकं गाडीचं नाव चुकीचं होतं, वर्ष चुकीचं होतं आणि गावही चुकीचं. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे, किंवा वाडवडिलांची गाडी पुन्हा नोंदवून घ्यायची आहे, त्यांनी हे प्रकरण नीट बघावं असं मला मनापासून वाटतं. कारण अशा प्रत्येक घरच्या फायलीत एक जुना फोटो असतोच, आणि त्यावर आपण डोळे झाकून विश्वास ठेवतो.

आधी चूक काय होती ते बघू. जुन्या पुस्तकांत आणि प्रदर्शनांत या फोटोखाली मजकूर असायचा: दलाज गाडी, ऑटोमोबिल क्लब ऑफ फ्रान्सची ग्रां प्री, दिएप, २६ जून १९१२. ऐकायला अगदी पक्कं वाटतं. तारीख आहे, गाव आहे, कंपनी आहे. दिएपला ती शर्यत खरोखर झाली होती, २५ आणि २६ जून असे दोन दिवस, एकूण सुमारे १५४० किलोमीटर. जॉर्ज ब्वायोने ती प्यूजोवर जिंकली. अडचण एवढीच की त्या वर्षीच्या शर्यतीत दलाज कंपनीने गाडी उतरवलीच नव्हती. दलाजच्या गाड्या ग्रां प्रीत आल्या त्या पुढच्या वर्षी, १२ जुलै १९१३ ला, आमियाँ गावाजवळच्या रस्त्यांवर.

आता १९१३ म्हणजे मग ही दलाजच असेल, असं कुणालाही वाटेल. तसंही नाही. इथे तो ६ आकडा कामाला येतो. रेसच्या गाड्यांना मिळणारे आकडे प्रवेशयादीप्रमाणे असत, आणि यादी वर्तमानपत्रांत छापून येई. १९१३ च्या यादीत ६ नंबर होता श्नायडर या फ्रेंच कंपनीच्या गाडीचा आणि चालवत होता रने क्रोके. त्या शर्यतीत ब्वायो पुन्हा पहिला आला, ताशी सुमारे ११६ किलोमीटरच्या सरासरीने. त्या वर्षी नियमच असा होता की १०० किलोमीटरला २० लिटरपेक्षा जास्त इंधन जाळायचं नाही, म्हणून १९१२ ची १४ लिटर इंजिनाची अजस्र फियाट आणि १९१३ च्या गाड्या यांच्यात डोळ्यांना दिसण्याइतका फरक आहे. क्रोकेची गाडी जिंकली नाही. पण तिचं मागचं चाक अजरामर झालं, आणि तेही अनेक वर्षं दुसऱ्याच कंपनीच्या नावावर.

ही चूक कशी झाली असेल याचा विचार केला की फोटो काढणाऱ्यावर राग येत नाही. लार्तीगचा जन्म १८९४ चा. घर श्रीमंत, वडिलांनी लहानपणीच कॅमेरा हातात दिलेला. मोटारी, विमानं, थोरल्या भावाने घरी बनवलेल्या चाकांच्या गाड्या, सगळं तो टिपत गेला. रोज डायरी लिहायचा, त्या दिवशी काढलेल्या फोटोंची छोटी रेखाटनंही करून ठेवायचा. इतका नोंदी ठेवणारा माणूस. पण पुढे आयुष्यभर तो चित्रकार म्हणून जगला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जॉन झारकोव्स्कींनी त्याच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं ते १९६३ साली, म्हणजे शटर दाबल्यावर तब्बल ५० वर्षांनी. तोवर लार्तीग सत्तरीला टेकलेला. पन्नास वर्षांपूर्वीच्या दोन उन्हाळ्यांतल्या दोन शर्यती, एकाच क्लबच्या, एकाच नावाच्या. त्यांची आठवणीत सरमिसळ होणं अगदी माणसासारखं आहे. आपल्याकडेही ‘आजोबांनी ही गाडी पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीसला झेंडा लावून फिरवली’ असं घरात छातीठोकपणे सांगतात आणि चासी नंबर बघितला तर गाडी बनलेलीच असते १९४९ साली.

म्हणजे फोटोखालच्या मजकुराने फसवलं. पण फोटो स्वतः काय सांगतो? चाक कललंय, हे तर डोळ्यांना दिसतंय. इथे मला जरा थांबायचंय, कारण जुन्या मोटारींच्या मालकांना सगळ्यात उपयोगी गोष्ट इथेच आहे.

लार्तीगचा कॅमेरा मोठा होता, ९ गुणिले १२ सेंटीमीटरच्या काचेच्या प्लेटांचा. त्यातलं शटर म्हणजे प्लेटच्या अगदी पुढ्यात लावलेला कापडी पडदा, आणि त्या पडद्यात आडवी फट. बटण दाबलं की पडदा सरकतो, फट प्लेटवरून वरून खाली जाते आणि प्लेटवर एकेक आडवी पट्टी करत उजेड पडतो. शटरवर लिहिलेला ‘हजारावा भाग सेकंद’ हा प्रत्येक पट्टीला मिळालेला वेळ. फट अख्ख्या प्लेटवरून जायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे फोटोचा एक काठ आणि दुसरा काठ हे एकाच क्षणाचे नाहीत.

लेन्समधून पडणारं चित्र उलटं असतं. प्लेटच्या वरच्या भागावर रस्ता, खालच्या भागावर आभाळ. फट वरून खाली गेली की आधी चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग उमटतो, मग धुरा, मग चाकाचा माथा, शेवटी ड्रायव्हरचं डोकं. तेवढ्या वेळात गाडी पुढे सरकलेली असते. म्हणून जे जितकं उंच, ते तितकं जास्त पुढे उमटतं. चाक पुढे कलतं.

मग खांब मागे का? कारण लार्तीग गाडीबरोबर कॅमेरा फिरवत होता. कॅमेरा उजवीकडे वळतो तेव्हा स्थिर वस्तू चौकटीत डावीकडे सरकतात, आणि त्यांचाही उंच भाग नंतर उमटतो. खांब, माणसं, सगळे डावीकडे झुकतात. गाडीचा वेग मात्र त्याच्या वळण्यापेक्षा जास्त होता. त्याने पूर्ण गाठलं असतं तर चाक गोल आलं असतं आणि खांब आणखी झुकले असते. त्याने जेवढं गाठलं तेवढा खांबांचा कल, जेवढं सुटलं तेवढा चाकाचा कल. एकाच फोटोत दोन विरुद्ध कल आहेत ते यामुळे.

आकड्यांनी बघायचं तर हिशेबापुरते काही आकडे धरू. गाडी ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर. फटीला प्लेट पार करायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. चाकाने फोटोच्या उंचीचा चौथा हिस्सा व्यापलाय. मग चाकाच्या तळापासून माथ्यापर्यंत फट पोचायला लागला सेकंदाचा ऐंशीवा भाग, आणि तेवढ्यात गाडी सरकली साधारण ३७ सेंटीमीटर. कॅमेरा फिरवून यातला निम्मा भाग भरून काढला असं धरलं तरी माथा तळाच्या १८-१९ सेंटीमीटर पुढे. चाक जेमतेम ८०-९० सेंटीमीटरचं. एवढा कल डोळ्यांत भरणारच.

यात खोट नाही, लबाडी नाही. फोटो खरं तेच सांगतोय, फक्त पट्टी-पट्टीने, वेगवेगळ्या क्षणांचं. त्यामुळे त्यातलं काय मोजायला घ्यावं आणि काय नाही, हे ठरवता येतं, आणि जुनी बॉडी फोटोवरून पुन्हा बनवणाऱ्यांनी हे समजून घेतलंच पाहिजे. एका आडव्या रेषेवर जे आहे ते सगळं एकाच क्षणी उमटलंय. पुढच्या चाकाची धुरा आणि मागच्या चाकाची धुरा एकाच उंचीवर असतात, म्हणून गाडी कॅमेऱ्याला बाजूने समोर असेल तर दोन धुऱ्यांमधलं अंतर खरं मिळतं. चाकाचा व्यास हवा असेल तर धुऱ्यातून जाणारी आडवी रेषा मोजा, ती बरोबर येते. चाकाची उभी उंचीही बरोबर येते. लंबगोलाची सगळ्यात लांब तिरकी रेषा मोजली तर मात्र चाक उगाच मोठं होऊन बसतं. आणि खरा धोका उभ्या-तिरक्या गोष्टींचा: पुढच्या काचेचा कल, स्टेअरिंगच्या दांड्याचा कोन, सीटची पाठ, रेडिएटरचा उभेपणा. हे सगळे कोन फोटोत फसवे असतात. धावत्या गाडीच्या अशा फोटोवरून सुतार आणि पत्राकामवाला यांनी काच बसवली तर ती मूळ गाडीत कधीच नव्हती इतकी तिरकी बसेल, आणि पुढच्या मालकाला तीच ‘ओरिजिनल’ म्हणून मिळेल.

फट आडवी सरकणारी असेल, किंवा कॅमेरा आडवा-उभा फिरवून धरला असेल, तर सगळं उलटतं. खांब सरळ राहतात पण गाडी लांब किंवा आखूड होते, आणि मग धुऱ्यांमधल्या अंतरावरही भरवसा ठेवायचा नाही. म्हणून जुना फोटो हातात आला की आधी गाडीकडे बघू नये. आधी खांब, भिंतीचे कोपरे, दाराच्या चौकटी, उभी माणसं बघावीत. ती सरळ आणि चाक कललेलं असेल तर कॅमेरा स्थिर होता. ती मागे आणि चाक पुढे असेल तर कॅमेरा फिरत होता. आऱ्यांकडेही बघावं. स्थिर कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत धावत्या चाकाचे खालचे आरे बरेच स्पष्ट येतात आणि वरचे पुसट, कारण रस्त्याला टेकलेला बिंदू त्या क्षणी थांबलेला असतो आणि चाकाचा माथा गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. लेन्सच्या आत पाकळ्यांचं शटर असलेल्या कॅमेऱ्यात हा कल येत नाही, पण त्या काळी ती शटरं एवढी चपळ नव्हती. रेसचा फोटो म्हणजे पडद्याचं शटर, हे जवळजवळ ठरलेलं.

हा कल पुढे पोस्टरवाल्यांनी आणि व्यंगचित्रकारांनी उचलला. कागदावरची गाडी पळती दाखवायची तर चाकं पुढे कलवायची, ही रीत रूढ झाली ती अशाच फोटोंमुळे. आणि कॅमेऱ्यातला तो पडदा गेला तरी दोष गेलेला नाही. आपल्या मोबाइलचा कॅमेराही चित्र ओळी-ओळीने वाचतो. लोकलच्या खिडकीतून फोटो काढला की रुळांलगतचे खांब तिरके येतात ते याच कारणाने.

आता आपल्याकडच्या कागदपत्रांकडे वळू, कारण मालकाला रात्री झोप लागत नाही ती शटरमुळे नाही, आरटीओमुळे.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात सांभाळलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठी उलथापालथ न केलेली, ती व्हिंटेज. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. राज्याने यासाठी अधिकारी नेमायचा आणि समितीने गाडी पाहून ठरवायचं. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. बीएमएक्स, एमआरएक्स अशा तीन अक्षरी पाट्यांवर ज्यांचा जीव आहे त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट. नव्याने नोंदवली तर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. गाडी रोज चालवायची नाही, धंद्याला लावायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर.

नियम चांगला आहे, त्याची गरज होतीच. त्याआधी सत्तर वर्षांची गाडी आणि वीस वर्षांची भंगार गाडी कागदावर एकाच तराजूत तोलली जायची. पण अर्जाबरोबर इन्शुरन्स लागतो, आयात गाडी असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, लागतो, आणि इथे नोंदवलेली असेल तर जुनी आरसी. या यादीत आजोबांच्या फोटोला जागा नाही. आणि बहुतेक घरांत नेमकी आरसीच नसते. ती कधी पुरात गेली, कधी वाटणीत दुसऱ्या भावाकडे गेली, कधी गाडी विकत घेणाऱ्याने नावावरच करून घेतली नाही. मग पोलिसांत हरवल्याची नोंद, दुय्यम आरसीचा अर्ज, गाडी दुसऱ्या राज्याची असेल तर तिकडची एनओसी, आणि जुन्या रजिस्टरातली नोंद सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर चढलेली नसेल तर ती चढवून घ्यायला हेलपाटे. मालक इथेच थकतात आणि एजंटच्या हवाली होतात.

अशा वेळी जुना फोटो बाहेर काढून टेबलावर ठेवायचा मोह होतो. बघा साहेब, १९३८ सालची गाडी, हे आजोबा, हा आमचा वाडा. मला तो मोह कळतो. पण लार्तीगच्या प्रकरणातला धडा अगदी सरळ लागू होतो: फोटोमागे लिहिलेलं साल हा पुरावा नाही, गाडीचा आकार हाही पुरावा नाही, फोटोत वाचता येणारा आकडा हा पुरावा आहे, आणि तोही दुसऱ्या यादीशी जुळला तरच. सहा नंबर एकटा असता तर काहीच सिद्ध झालं नसतं. तो १९१३ च्या छापील यादीला भिडवला तेव्हा क्रोके सापडला.

घरच्या फोटोत तो आकडा म्हणजे नंबर प्लेट. आणि इथे आपल्याकडची एक गंमतशीर नाही तर चांगलीच त्रासदायक अडचण येते. बहुतेक घरांत गाडीचा फोटो काढला गेला तो दसऱ्याला. गाडी धुतलेली, बॉनेटवर हळदकुंकू, आणि झेंडूचा भरगच्च हार बरोबर नंबर प्लेटवर. घरची सगळी माणसं उभी, पोरं मडगार्डवर बसलेली, आणि ज्या चार आकड्यांसाठी आज जीव खालीवर होतोय ते फुलांआड. असा फोटो असेल तर टाकून देऊ नका. त्याच दिवशीचे दुसरे फोटो शोधा, मागून काढलेले, चुलत्यांच्या घरचे. एकात पहिली तीन अक्षरं, दुसऱ्यात शेवटचे दोन आकडे असे तुकडे जोडता येतात. शक्य असेल तर मूळ निगेटिव्ह मिळवा. छापलेल्या फोटोत सावलीत बुडालेला आकडा निगेटिव्हमध्ये पुष्कळदा वाचता येतो.

मिळालेला नंबर घेऊन मग यादीकडे जायचं: आरटीओचं जुनं रजिस्टर, टॅक्स भरल्याच्या पावत्या, जुना इन्शुरन्स, त्या काळच्या पेट्रोल पंपाच्या किंवा गॅरेजच्या उधारीच्या वह्या. या कागदांवर नंबराशेजारी चासी नंबर किंवा इंजिन नंबर सापडला तर साखळी पुरी झाली: फोटोतली पाटी, कागदातला नंबर, गाडीवर कोरलेला नंबर. यात फोटोचं काम एवढंच, पहिली कडी दाखवण्याचं. चासी नंबर शोधायला घाईने वायर ब्रश मारू नका. शंभर वर्षांच्या गंजाखाली ठसे उथळ असतात, घासताना अक्षराचा कडा गेला की समितीला तो खोडलेला वाटतो. गंज काढायचं रसायन लावा, थांबा, कापडाने टिपा, मग कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या. तो छाप घेताना कुणाला तरी फोटो काढायला सांगा, शेजारी मोजपट्टी ठेवून.

समिती मूळ रूप म्हणजे काय हे बघते तेव्हा मात्र जुन्या फोटोला मान मिळू शकतो, कारण तिथे प्रश्न आकड्याचा नाही, अंगाचा असतो. मडगार्ड मूळचेच आहेत का, काच दुभागलेली होती का, दिवे कुठे होते. इथे उभ्या गाडीचे फोटो द्यावेत. धावत्या गाडीचा फोटो दाखवायचाच असेल तर त्याबरोबर एक ओळ लिहून द्यावी की अमुक खांब या बाजूला झुकलेले आहेत, म्हणजे हा पडद्याच्या शटरचा फोटो आहे, काचेचा कोन यावरून धरू नये. एवढी एक ओळ लिहिलेली फाइल वाचणाऱ्याला कळतं की मालकाने आपली गाडी समजून घेतली आहे.

लार्तीगने १९७९ मध्ये आपला सगळा संग्रह फ्रान्सच्या सरकारला दिला, अल्बम, निगेटिव्ह, डायऱ्या यांच्यासकट. १९८६ मध्ये तो गेला. जुन्या पुस्तकांत अजूनही त्या फोटोखाली १९१२ आणि दलाज सापडतं. ज्यांच्याकडे असं पुस्तक आहे त्यांनी पेन्सिलने बाजूला लिहून ठेवावं: आमियाँ, १२ जुलै १९१३, श्नायडर, रने क्रोके, गाडी नंबर ६.